घरदुरुस्तीचा ठेका आणि ठेकेदाराची पारख

महाराष्ट्रात औषधाचे दुकान चालवण्यासाठी परवाना लागतो आणि घरात विजेच्या तारा ओढणाऱ्यालाही सरकारी परवाना लागतो. मात्र त्याच घराची भिंत पाडून नवी उभी करणाऱ्या, स्लॅब ओतणाऱ्या किंवा गच्चीची गळती बंद करण्याचे काम अंगावर घेणाऱ्या खासगी ठेकेदाराला राज्याचा असा कोणताही व्यवसाय-परवाना घ्यावा लागत नाही. 'सार्वजनिक बांधकाम विभागाकडे नोंदणीकृत' अशी पाटी साताऱ्यात आणि सांगलीत अनेक कार्यालयांवर दिसते, पण ही नोंदणी सरकारी निविदा भरण्याची पात्रता सांगते आणि तिचा संबंध मुख्यतः आर्थिक कुवतीशी व केलेल्या कामांच्या रकमेशी असतो. न्हाणीघराची फरशी उताराला बरोबर बसेल की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. महारेरा, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, हे विकासकाच्या गृहप्रकल्पांसाठी आहे आणि एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या घराच्या डागडुजीसाठी दिलेल्या ठेक्याशी त्याचा संबंध येत नाही. म्हणजे ठेकेदाराची परीक्षा घेणारी कोणतीही संस्था घरमालकाच्या मदतीला नाही आणि ते काम त्याला स्वतःच करावे लागते. हे काम माणसाचा चेहरा वाचून होत नाही. मोजमाप कोणी करायचे, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे आणि चूक निघाल्यास ती कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हायची, हे आधी ठरले असेल तर मध्यम प्रतीचा ठेकेदारही सरळ काम करतो, आणि ते ठरले नसेल तर सज्जन ठेकेदाराशीही शेवटी भांडण होते.

पारख करण्याआधी काम कोणत्या प्रकारचे आहे हे पाहावे लागते, कारण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घरांचे आजार गावागणिक बदलतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील दहिवडी-म्हसवड पट्ट्यात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या घरात असतो. पश्चिमेकडे जावळी, पाटण, महाबळेश्वर येथे पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्या झडीपासून भिंत वाचवणे हाच तेथील बांधकामाचा मुख्य प्रश्न आहे आणि त्यासाठी उतरती छपरे, लांब वळचणी व पश्चिमेच्या भिंतीला पत्र्याचे आवरण अशी योजना केली जाते. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत येथे जुन्या घरांवर मातीची माळवदे होती. त्यांच्या जागी आता सपाट स्लॅब आले असून तेथे उन्हाने तापून पडणाऱ्या भेगा हा नेहमीचा तक्रारीचा विषय आहे. कृष्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायाच्या घरांच्या भिंती दरवर्षी थोड्या हलतात आणि दारे चौकटीत अडकू लागतात. याखेरीज कोयना परिसर भूकंपप्रवण आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला झालेल्या मोठ्या भूकंपात मातीत बांधलेल्या दगडी भिंतींची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली आणि त्या भागात लहान धक्के आजही जाणवतात. म्हणून 'वीस वर्षांचा अनुभव' हे विधान अपुरे आहे आणि हा अनुभव कोठला व कोणत्या कामाचा, हे विचारणे आवश्यक ठरते. दहिवडीत उत्तम काम करणारा गवंडी जावळीतल्या मेढ्याच्या झडीपुढे नवखाच असतो.

यातून पुढचा मुद्दा निघतो आणि तो बहुतेक घरमालक गाळून टाकतात. ठेकेदाराला बोलावण्याआधी रोगाचे निदान झाले पाहिजे, आणि हे निदान त्या कामातून ज्याला पैसे मिळणार आहेत त्याच्याकडून करून घेऊ नये. गिलाव्यावर, म्हणजे भिंतीच्या प्लास्टरवर, केसाएवढ्या बारीक जाळीदार रेषा असतील तर त्या बहुधा पाणी कमी मारल्याच्या खुणा असतात आणि रंगकामात झाकल्या जातात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वर रुंद होत जाणारी भेग पायाची हालचाल दाखवते आणि तिच्यावर कितीही पुट्टी भरली तरी पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी वस्तीत शिरले. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा पुरानंतर भिंतीच्या पोटातील ओल निघायला कित्येक महिने लागतात. पाणी ओसरताच घाईने प्लास्टर आणि रंग करून घेतल्यास ओलीबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात, भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या माथी जातो. याच कारणाने वाई आणि साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते आणि आतले लाकूड व माती कुजू लागते. चुन्याचे काम येणारे कारागीर आता थोडे उरले आहेत, त्यामुळे समोरचा ठेकेदार जे काम येते तेच सुचवतो, यात नवल नाही. स्थापत्य अभियंत्याला पाहणीची फी देऊन त्याच्याकडून लेखी टिपण घेणे हा खर्च म्हणूनच वाया जात नाही. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे या भागात असे अभियंते शोधणे अवघड नाही.

निदान झाल्यावर काम कोणत्या पद्धतीने द्यायचे हे ठरते. या भागात तीन पद्धती रूढ आहेत. हजेरीच्या पद्धतीत गवंडी आणि बिगारी, म्हणजे त्याच्या हाताखालचा मजूर, यांना रोजाने पैसे दिले जातात आणि माल मालक आणतो. काम सावकाश व नीट होण्याची शक्यता येथे सर्वात जास्त असते, पण ते कधी संपेल याची हमी नसते. उक्त्या पद्धतीत मजुरी चौरस फुटावर किंवा एकरकमी ठरते आणि माल मालकाचाच असतो. येथे काम लवकर उरकण्यात ठेकेदाराचा फायदा असतो आणि मालाची नासाडी झाली तर त्याचे काही जात नाही. मालासह ठेक्यात सर्व जबाबदारी एका माणसावर येते, पण प्रत्येक पोते आणि प्रत्येक नळ थोडा हलका वापरण्यात त्याचा नफा असतो. कोणतीही पद्धत मुळातच चांगली किंवा वाईट नाही. प्रत्येकीत मालकाने डोळे कोठे ठेवायचे ते मात्र बदलते. छोट्या व नाजूक दुरुस्तीला हजेरी बरी, फरशी-रंगासारख्या मोजता येणाऱ्या कामाला उक्ते बरे, आणि स्लॅब किंवा वाढीव खोली यांसारख्या कामात मालासह ठेका देताना मालाची जात व दर्जा लेखी नोंदवणे अपरिहार्य असते. कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे, कारण मालकाच्या थेट हुकमाखाली रोजाने काम करणाऱ्याशी असलेला संबंध साधारणतः वैयक्तिक सेवेचा ठरतो आणि तो ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर जातो. ठेक्याने दिलेले काम मात्र त्या कायद्याने 'सेवा' ठरते.

चौकशीची पद्धतही बदलायला हवी. ठेकेदार स्वतःहून दाखवतो ते काम नुकतेच पूर्ण झालेले, रंगाचा वास न गेलेले असते. त्यावरून जवळपास काहीच कळत नाही. ज्या कामावरून दोन पावसाळे गेले आहेत असे घर पाहायला मागावे, आणि तेथे दिवाणखान्याऐवजी न्हाणीघराच्या मागची भिंत, गच्चीच्या पन्हाळ्यांभोवतीची जागा आणि जिन्याखालचा कोपरा पाहावा. त्या घरमालकाला काम कसे झाले हे विचारण्यापेक्षा, काम झाल्यावर बोलावले तेव्हा ठेकेदार आला का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. दुसरी माहिती सिमेंट-सळईच्या दुकानात मिळते. कोणता ठेकेदार एका घराचे पैसे दुसऱ्या घराच्या उधारीत फिरवतो, हे दुकानदाराला वहीतून ठाऊक असते. तिसरी बाब कामगारांची. फरशी, पीओपी आणि रंगाची कामे आता बऱ्याच ठिकाणी परप्रांतीय कारागिरांच्या टोळ्या करतात आणि ठेकेदार केवळ मुकादम असतो, त्यामुळे पाहिलेले काम ज्या हातांनी केले तेच हात आपल्या घरी येणार का, हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी कामगाराला मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जो ठेकेदार आपल्या माणसांना असा दाखला सहज देतो, त्याची माणसे टिकतात आणि टिकलेल्या माणसांचे काम चांगले असते.

हंगामाचाही विचार करावा. फाल्गुन ते वैशाख हा गावोगावच्या यात्रांचा काळ असतो, त्याच वेळी पावसापूर्वी गच्ची आणि छप्पर उरकण्याची सर्वांची घाई असते, आणि एकेक ठेकेदार चार घरे उकरून ठेवून आळीपाळीने फिरत राहतो. दिवाळीनंतर काम धरले तर माणसेही मिळतात आणि प्लास्टरला वाळायला वेळही मिळतो. पितृपक्षात नवे काम सुरू करायला लोक कचरतात, म्हणून त्या पंधरवड्यात चांगला गवंडी रिकामा सापडण्याची शक्यता असते. पितरांची हरकत नसेल तर याचा लाभ घ्यायला काही अडचण नाही.

अंदाजपत्रक, म्हणजे अपेक्षित खर्चाचा तपशील, एकरकमी आकड्यात घेऊ नये. 'वरच्या मजल्याचे सगळे काम इतक्यात' या वाक्यात भांडणाचे बीज असते, कारण 'सगळे' म्हणजे काय हे दोघांच्या मनात वेगळे असते. प्रत्येक कामाचे परिमाण, दर आणि एकक स्वतंत्र लिहिलेले असावे. एककातही फसगत होते. ब्रास हे माप वाळू-खडीला १०० घनफूट या अर्थाने वापरतात, तर भिंतीच्या कामाला तेच १०० चौरस फूट या अर्थाने. प्लास्टरच्या मापात दारे-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, यावर शेवटच्या बिलाच्या वेळी हमखास वाद होतो. भारतीय मानकाची रीत अशी आहे की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंतच्या जागेची वजावट भिंतीच्या एकाच बाजूची करायची आणि कडांचे प्लास्टर वेगळे मोजायचे नाही. तीन चौरस मीटरहून मोठ्या जागेची वजावट दोन्ही बाजूंची करून कडांचे माप त्यात मिळवायचे. ही रीत पाळलीच पाहिजे असे नाही, पण कोणतीतरी एक रीत आधी ठरली पाहिजे. सर्वात कमी दराचा मोह येथे आवरावा लागतो. तीन अंदाजपत्रकांपैकी एक फारच खाली असेल तर त्यातून बहुधा काहीतरी वगळलेले असते, आणि ते पुढे 'एक्स्ट्रा' या नावाने परत येते. जीएसटीबाबत गैरसमज असतात. सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे छोट्या ठेकेदाराकडे क्रमांक नसणे हा अप्रामाणिकपणा नव्हे. क्रमांक नसताना बिलात कर लावणे हा मात्र नक्कीच आहे. हा क्रमांक १५ अक्षरांचा असून महाराष्ट्रातील नोंदणी २७ या आकड्याने सुरू होते आणि ती संकेतस्थळावर तपासता येते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध असतो, पण तो सिद्ध करणे अवघड असते, म्हणून दोन पानांचा साधा लेख पुरेसा असला तरी तो असावा. त्यात कामाची व्याप्ती, मालाचे नाव व दर्जा, दर, मुदत, बदल झाल्यास त्याची लेखी मंजुरी, अपघाताची जबाबदारी आणि राडारोडा उचलण्याचा खर्च यांची नोंद करावी. उशिराबद्दल रोजचा दंड लिहिण्याची पद्धत आहे. कायद्याच्या कलम ७४ नुसार अशी लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा ठरते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते, तेव्हा डोळे फिरतील असा दंड लिहून काही साधत नाही. त्यापेक्षा हप्त्यांची रचना अधिक परिणामकारक असते. सुरुवातीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पहिल्या आठवड्याचा माल आणि मजुरी भागेल एवढीच असावी. पुढचे हप्ते तारखेवर न देता पूर्ण झालेल्या टप्प्यावर द्यावेत. आणि दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या पुढे कधीही जाऊ देऊ नये. बहुतेक कामे सोडून दिली जातात ती नेमकी अशा ठिकाणी, जेथे उरलेले काम उरलेल्या पैशांपेक्षा जास्त असते. सरकारी ठेक्यांत दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे काम संपल्यावरही ठराविक काळ दोष फुकट दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदारावर राहते आणि त्यासाठी काही रक्कम राखून ठेवली जाते. घरगुती कामात, विशेषतः गळतीच्या, पाच ते दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. ठेकेदार यावर कुरकुर करतील. जो मुळीच तयार होत नाही, त्याला स्वतःच्या कामाबद्दल मालकापेक्षा अधिक माहिती आहे असे समजावे.

देखरेखीचा भाग वाटतो तितका तांत्रिक नाही. सिमेंटच्या पोत्यावर ते भरल्याचा काळ छापलेला असतो आणि तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट चाचणीशिवाय वापरू नये. सळईचे वजन व्यासावरून काढता येते. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते, म्हणजे १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साडेदहा किलोंहून थोडी अधिक भरली पाहिजे आणि मानकाने दिलेल्या काही टक्क्यांच्या सवलतीपेक्षा ती हलकी असेल तर ती परत करावी. काँक्रीटमध्ये पाणी जास्त झाले की ते पसरायला सोपे जाते आणि ताकद घटते. एम-२० या प्रतीच्या साध्या मिश्रणात ५० किलोच्या एका पोत्याला सुमारे ३० लिटर पाणी पुरते, हे लक्षात ठेवून पाणी बादलीने मोजावे. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारत राहावे लागते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांआधी आणि तुळयांचे टेकू किमान १४ दिवस काढू नयेत. सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी साचा व टेकू उभारणाऱ्याला, फळ्या पुढच्या घराला हव्या असतात म्हणून या आकड्यांवर सर्वाधिक दबाव येतो. गच्चीच्या जलरोधक थराची परीक्षा एकच आहे. पन्हाळी बंद करून गच्चीवर किमान ४८ तास पाणी तुंबवून ठेवायचे आणि खालच्या छताची पाहणी झाल्यावरच हप्ता द्यायचा. वीजकामात परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागावा, कारण महावितरणलाही नव्या जोडणीसाठी तोच लागतो.

या जिल्ह्यांत आणखी एक अडचण आहे आणि ती फार जुनी आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभरातील शहरांत पसरलेले आहेत, जावळी आणि पाटणची माणसे मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून काम करतात, आणि साताऱ्यातील अनेक घरांतील मुले सैन्यात आहेत. गावाकडचे घर त्यांच्या पैशाने आणि त्यांच्या गैरहजेरीत दुरुस्त होते. देखरेख चुलत्याकडे किंवा मेहुण्याकडे सोपवली जाते आणि मग काम बिघडले तर ठेकेदाराला जाब विचारणे म्हणजे नात्याला हात लावणे होऊन बसते. अशा मालकाने नातेवाइकाला मोजमापाच्या जबाबदारीतून सोडवणे हाच त्याच्यावरचा उपकार आहे. पदविकाधारक अभियंत्याला प्रत्येक टप्प्याच्या पाहणीची ठरावीक फी देऊन त्याच्या सहीनंतरच बँकेतून थेट ठेकेदाराच्या खात्यात पैसे पाठवावेत, आणि झाकल्या जाणाऱ्या कामाची, म्हणजे सळया, नळ आणि वायरिंगची, छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून मागवावीत.

परवानगीचा प्रश्न थोडक्यात असा, की गिलावा, रंग, फरशी यांसारख्या दुरुस्तीला साधारणतः बांधकाम परवानगी लागत नाही, पण मजला वाढवणे किंवा भार पेलणारी भिंत हलवणे यांना लागते. सांगलीत नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असून निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध आहेत, तेव्हा 'परवानगीचे आम्ही बघून घेतो' असे म्हणणाऱ्या ठेकेदाराला ती कागदावर पाहिल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. दंडाची नोटीस मालकाच्या नावाने येते.

इतके करूनही वाद झाला तर प्रथम दोषांची छायाचित्रे, अभियंत्याचे टिपण आणि दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत देणारे पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावे. तोडगा न निघाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी असे आयोग असून ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तेथे चालतात. तक्रारदार स्वतः जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येत असल्याने मुंबईतील माथाडीला किंवा दूरच्या शहरातील गलाईवाल्याला त्यासाठी गावाकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. वकील नेमण्याची सक्ती नाही आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्कही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि ठेकेदाराने 'पुढच्या पावसाळ्याआधी करून देतो' असे तोंडी सांगत राहिल्याने ही मुदत वाढत नाही.